टर्मिनलच्या विंडोतून मराठी मजकूर परत वाचणे: सी शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानासाठी मी सी भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. शेतकऱ्याचे नाव, तालुका, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या आणि वजन टर्मिनलवर भरायचे आणि संध्याकाळी पडद्यावर दिसणाऱ्या त्याच ओळी उचलून फाइलमध्ये ठेवायच्या, एवढेच त्याचे काम होते. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी छापील यादी माझ्यापुढे ठेवली. तीत गडहिंग्लजचे ‘गडहिंग्ल’ आणि हातकणंगलेचे ‘हातकणंग’ झालेले होते. कागल, शिरोळ, आजरा, राधानगरी ही नावे मात्र जशीच्या तशी होती. पडद्यावर सगळी नावे पूर्ण दिसत होती, फाइलमध्ये मात्र काही नावांचे शेवटचे अक्षर गळत होते. ही चूक का होते आणि ती टाळून विंडोतला मजकूर नीट कसा वाचावा, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. सी भाषेतील ॲरे, पॉइंटर आणि फंक्शन यांची ओळख वाचकाला आहे, असे मी धरून चाललो आहे.

फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीच्या छोट्या अक्षरांत, मधल्या जोडरेषा गाळून आणि अधोरेषा मात्र ठेवून टाइप करावीत.

आधी समजून घ्यायचे: वाचतो ते नेमके कुठून

टर्मिनलवर मजकुराच्या विंडो मांडण्यासाठी सी भाषेत ‘कर्सेस’ ही लायब्ररी वापरतात. १९८० च्या सुमारास केन अरनॉल्ड यांनी ती बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केली. आज लिनक्सवर तिचा ‘एनकर्सेस’ हा अवतार सर्वत्र आढळतो, आणि देवनागरीसारख्या लिपींसाठी त्याचीच ‘एनकर्सेसडब्ल्यू’ ही रुंद अक्षरांची (वाइड कॅरॅक्टर) आवृत्ती लागते.

पडद्यावरचा मजकूर परत वाचायचा म्हटले की प्रोग्रॅम टर्मिनललाच विचारतो, अशी नवशिक्यांची समजूत असते. वस्तुतः कर्सेस प्रत्येक विंडोची एक प्रत संगणकाच्या स्मृतीत ठेवते. आपण लिहितो ते आधी या प्रतीत जाते आणि ‘रिफ्रेश’ केल्यावर पडद्यावर उमटते. आपण परत वाचतो तेही याच प्रतीतून. यावरून तीन गोष्टी आपोआप ठरतात. रिफ्रेश न करताही मजकूर वाचता येतो. ‘प्रिंटएफ’ने थेट पडद्यावर टाकलेला मजकूर कर्सेसला ठाऊकच नसल्यामुळे तो कधीही वाचता येत नाही. आणि एका विंडोवर दुसरी विंडो आलेली असली, तरी खालच्या विंडोचा झाकलेला मजकूर तिच्या स्वतःच्या प्रतीत शाबूत असतो आणि तोच हाती लागतो.

येथे एक स्पष्ट सांगायला हवे. आपल्या प्रोग्रॅमची मूळ माहिती आपल्याच चलांत ठेवावी. विंडोला गोदाम समजू नये. विंडोतून परत वाचणे शोभते ते पडद्याची नक्कल फाइलमध्ये घेताना, वापरणाऱ्याने कर्सर नेऊन ठेवलेली ओळ उचलताना, किंवा आपला प्रोग्रॅम योग्य तेच दाखवतो आहे ना याची स्वयंचलित चाचणी घेताना. माझ्या त्या प्रोग्रॅमची पहिली चूक हीच होती. नावे कापली जाणे ही त्यानंतरची.

एका शब्दाची चार मापे

हा भाग घाई न करता वाचावा, कारण पुढचे सर्व घोटाळे याच एका गोष्टीतून निघतात. ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. मराठी माणसाला विचारले, तर तो को, ल्हा, पू, र अशी चार अक्षरे मोजील. युनिकोडच्या दृष्टीने मात्र त्यात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र असे नऊ सांकेतांक (कोड पॉइंट) आहेत. यूटीएफ-८ पद्धतीने फाइलमध्ये लिहिताना देवनागरीच्या प्रत्येक सांकेतांकाला तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द २७ बाइटांचा होतो.

चौथे माप आहे ते पडद्यावरील घरांचे. टर्मिनलचा पडदा बुद्धिबळाच्या पटासारखा घराघरांचा असतो आणि कोणता सांकेतांक किती घरे घेतो, हे ‘डब्ल्यूसीविड्थ’ नावाचे फंक्शन सांगते. युनिकोडने मात्रांचे दोन वर्ग केले आहेत. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग या जागा घेणाऱ्या खुणा आहेत. दोन्ही उकार, एकार, ऐकार, अनुस्वार आणि हलन्त या जागा न घेणाऱ्या. दुसऱ्या वर्गाची रुंदी शून्य असल्यामुळे त्या खुणा आधीच्या घरात जाऊन बसतात. पहिल्या वर्गातील खुणांना जेथे एक घर दिले जाते, तेथे ‘कोल्हापूर’ची मांडणी क, ओकार, ल्, ह, काना, पू, र अशी सात घरांत होते. रुंदीची ही तक्ती प्रत्येक प्रणालीवर तंतोतंत सारखीच असेल असे धरू नये. शब्दातील सांकेतांक एकेक करून या फंक्शनला देणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून आपल्या संगणकावर खात्री करून घ्यावी. पुढील सर्व आकडे ही एका घराची मांडणी गृहीत धरून दिले आहेत.

म्हणजे चार अक्षरे, सात घरे, नऊ सांकेतांक आणि २७ बाइट. कर्सेसची वाचणारी फंक्शने यांपैकी सांकेतांक मोजतात, तर विंडोची रुंदी घरांत मोजली जाते. माझा तालुक्याचा रकाना आठ घरांचा होता आणि मी आठच सांकेतांक मागितले. राधानगरी आठ घरांत आठ सांकेतांकांनी बसते, म्हणून ते वाचले. गडहिंग्लज सात घरांत बसते, पण त्यात नऊ सांकेतांक आहेत, म्हणून त्याचा शेवटचा ज गेला.

पहिली पायरी: तयारी

उबंटू किंवा डेबियनवर ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’ हे पॅकेज बसवावे. प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळीत, कोणतीही हेडर फाइल घेण्याआधी, ‘_एक्सओपन_सोर्स_एक्स्टेंडेड’ हा मॅक्रो मोठ्या रोमन अक्षरांत डिफाइन करावा. त्याशिवाय रुंद अक्षरांची फंक्शने हेडरमध्ये असूनही कंपाइलरला दिसत नाहीत आणि तो ‘हे फंक्शन जाहीर केलेले नाही’ अशी सूचना देतो. त्यानंतर कर्सेस, लोकेल आणि डब्ल्यूसीएचएआर या तीन हेडर फाइली घ्याव्यात. जोडणीच्या वेळी साध्या एनकर्सेसऐवजी एनकर्सेसडब्ल्यू ही लायब्ररी द्यावी. तिच्यासोबत आणखी काय जोडावे लागते हे ‘पीकेजी-कॉन्फिग’ ही आज्ञा आपणच सांगते, म्हणून हाताने लिहिण्यापेक्षा तिचाच आधार घेणे बरे.

दुसरी पायरी: लोकेल

लोकेल म्हणजे भाषा आणि लिपीसंहिता यांची संगणकावरील निवड. ‘मेन’मधील पहिले काम म्हणजे ‘सेटलोकेल’ला सर्व प्रवर्गांचा स्थिरांक (‘एलसी_ऑल’, मोठ्या रोमन अक्षरांत) आणि रिकामी स्ट्रिंग देऊन बोलावणे. हे ‘इनिट-एससीआर’च्या आधीच झाले पाहिजे, कारण विंडो सुरू करतानाच कर्सेस कोणती लिपीसंहिता चालू आहे ते पाहून घेते. हे विसरल्यास प्रोग्रॅम चालतो, पण मराठी मजकुराऐवजी पडद्यावर चिन्हांचा गोंधळ उमटतो आणि परत वाचलेलेही निरुपयोगी ठरते. टर्मिनलमध्ये ‘लोकेल’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात यूटीएफ-८ दिसले पाहिजे. भाषा मराठीच असावी असे नाही. भारतीय इंग्रजीचे यूटीएफ-८ लोकेलही चालते.

तिसरी पायरी: आधी काहीतरी लिहावे

‘एमव्ही-ॲड-डब्ल्यूएसटीआर’ या फंक्शनला ओळ, घर आणि मजकूर या क्रमाने तीन गोष्टी द्याव्यात. ओळ आधी आणि आडवे घर नंतर, आणि दोन्हींची मोजणी शून्यापासून, हा क्रम कर्सेसमध्ये सर्वत्र आहे. गणिताच्या सवयीने आडवे माप आधी लिहिणाऱ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. मजकूर रुंद स्ट्रिंग म्हणून लिहायचा असल्यामुळे अवतरणचिन्हाच्या लगेच आधी मोठा एल टाकावा. सरावासाठी दोन ओळी लिहाव्यात: एकीत गडहिंग्लज, दुसरीत चंदगड, आणि दोन्हींत बाराव्या घरापासून एखादे वजन.

चौथी पायरी: वाचण्याचे फंक्शन निवडणे

या कुटुंबात आठ फंक्शने आहेत, पण ती पाठ करावी लागत नाहीत, कारण त्यांची नावे तुकड्यांनी बनलेली आहेत. मुळाशी ‘इन’ आणि शेवटी ‘डब्ल्यूएसटीआर’ म्हणजे विंडोतून रुंद स्ट्रिंग वाचणे. या दोहोंमध्ये ‘एन’ आला की किती वाचायचे याची मर्यादा देता येते. सुरुवातीस ‘डब्ल्यू’ आला की कोणती विंडो ते सांगता येते; नाहीतर मुख्य पडदा धरला जातो. त्याच्याही आधी ‘एमव्ही’ आला की वाचण्यापूर्वी कर्सर दिलेल्या जागी नेला जातो.

मर्यादा नसलेली चार फंक्शने नवशिक्याने वापरूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. आपला ॲरे किती मोठा आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही. ती ओळीच्या उजव्या टोकापर्यंतचे सर्व त्यात ओततात आणि ॲरे लहान पडला तर शेजारची स्मृती बिघडते. म्हणून ‘एमव्ही-डब्ल्यू-इन-एन-डब्ल्यूएसटीआर’ हेच हाताशी धरावे. त्याला विंडो, ओळ, घर, ॲरे आणि मर्यादा ही पाच मूल्ये लागतात. ते रंग, ठळकपणा इत्यादी गुणधर्म गाळून केवळ अक्षरे देते. वाचण्याने कर्सर पुढे सरकत नाही, परंतु ‘एमव्ही’मुळे तो नव्या जागी जाऊन राहतो, म्हणून वापरणारा टाइप करत असताना मध्येच वाचायचे असेल, तर आधी ‘गेट-वाय-एक्स’ने त्याची जागा टिपून ठेवावी आणि नंतर ‘डब्ल्यू-मूव्ह’ने परत न्यावे.

पाचवी पायरी: ॲरे किती मोठा असावा

एनकर्सेसमध्ये एका घरात जास्तीत जास्त पाच सांकेतांक मावतात: एक मूळ वर्ण आणि त्यावर चढलेल्या चार खुणा. ‘सीसीएचएआरडब्ल्यू_मॅक्स’ हा स्थिरांक तीच संख्या सांगतो. म्हणून रकान्याच्या घरांना या स्थिरांकाने गुणावे आणि शेवटच्या शून्य वर्णासाठी एक मिळवावा. आठ घरांच्या रकान्यासाठी ४१ आणि ८० घरांच्या पूर्ण ओळीसाठी ४०१ जागांचा ॲरे होतो. लिनक्सवर रुंद वर्ण चार बाइटांचा असल्यामुळे पूर्ण ओळीचा ॲरेही १,६०४ बाइटांतच मावतो. एवढ्यासाठी काटकसर करण्यात अर्थ नाही.

फंक्शनला मर्यादा देताना मात्र शून्य वर्णाची जागा वगळून द्यावी, म्हणजे ४१ च्या ॲरेसाठी ४० आणि ४०१ च्या ॲरेसाठी ४००. वाचण्यापूर्वी ॲरेच्या पहिल्या जागी शून्य वर्ण ठेवावा, कारण फंक्शन अयशस्वी झाले तर ते ॲरेला हात लावीलच असे नाही, आणि मग आपण जुनाच मजकूर नवा समजून छापतो. परत आलेले मूल्य ‘ईआरआर’ आहे का ते प्रत्येक वेळी तपासावे. एनकर्सेसमध्ये मर्यादा असलेले फंक्शन वाचलेल्या सांकेतांकांची संख्या परत देते. परंतु कर्सेसच्या मूळ मानकाप्रमाणे (स्टँडर्ड) ते केवळ ‘ठीक’ एवढेच सांगते. म्हणून लांबीसाठी ‘डब्ल्यूसीएस-लेन’ने मोजणे सुरक्षित ठरते.

मर्यादा कमी पडली तर काय होते, हे चंदगडवर करून पाहावे. मर्यादा एक दिली तर फंक्शन ‘च’ देत नाही, सरळ अयशस्वी होते. कारण पहिल्या घरात च आणि अनुस्वार असे दोन सांकेतांक आहेत, आणि घर अर्धवट उचलायचे नाही असा नियम आहे. मर्यादा दोन केली की ‘चं’ पूर्ण मिळतो. ही शिस्त चांगली आहे, पण ती घरापुरतीच आहे. ‘कोल्हापूर’साठी मर्यादा चार दिली, तर क, ओकार आणि हलन्तासह ल मिळून ‘कोल्’ हाती येते. घर एकही फुटले नाही, जोडाक्षर मात्र मधोमध फुटले. जोडाक्षर म्हणजे काय हे कर्सेसला माहीत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. म्हणून मराठी मजकूर वाचताना मर्यादा नेहमी भरपूर द्यावी, पूर्ण तुकडा वाचून घ्यावा आणि कापायचेच असेल तर नंतर अक्षरांच्या सीमा पाहून आपण कापावे.

सहावी पायरी: नेमका रकाना वाचणे

आता खरी अडचण समोर येते. मर्यादा भरपूर दिली की फंक्शन तालुक्याच्या रकान्यापाशी थांबत नाही. पुढचे वजन आणि त्यापुढचा भावही घेऊन येते. मर्यादा आठ दिली, तर गडहिंग्लज कापले जाते. सांकेतांकांच्या मर्यादेने घरांचा रकाना मोजता येत नाही, हे मला त्या यादीने शिकवले.

उपाय सोपा आहे. ‘डर-विन’ या फंक्शनने मूळ विंडोच्या आत एक ओळ उंचीची आणि आठ घरे रुंदीची उपविंडो तयार करावी. मूळ विंडो, उंची, रुंदी, मग सुरुवातीची ओळ आणि सुरुवातीचे घर असा मूल्यांचा क्रम आहे, आणि शेवटची दोन मापे मूळ विंडोच्या कोपऱ्यापासून मोजली जातात. उपविंडोला स्वतःचा वेगळा मजकूर नसतो. ती मूळ विंडोच्याच स्मृतीकडे एका चौकटीतून पाहते. वाचणारे फंक्शन विंडोच्या उजव्या काठाशी थांबत असल्यामुळे, उपविंडोच्या शून्य ओळीतून आणि शून्य घरातून ४० ची मर्यादा देऊन वाचले की बरोबर आठ घरांतला मजकूर येतो: गडहिंग्लजही पूर्ण आणि कागलही पूर्ण. काम झाल्यावर ‘डेल-विन’ने उपविंडो काढून टाकावी; मूळ मजकुराला त्याने धक्का लागत नाही. संपूर्ण यादी वाचायची असेल, तर प्रत्येक ओळीसाठी नवी उपविंडो करण्यापेक्षा यादीएवढ्या उंचीची एकच करून तिच्या ओळींवरून लूप फिरवावा.

विंडोभोवती चौकट काढली असेल, तर तिच्या रेषाही घरेच व्यापतात आणि परत वाचताना त्यांच्या जागी एखादे भलतेच रोमन अक्षर येऊ शकते. उपविंडो चौकटीच्या आत बसवली की हाही प्रश्न उरत नाही.

सातवी पायरी: मागची रिकामी जागा

‘कागल’ चार घरांत बसते. उरलेली चार घरे रिकामी दिसली तरी त्यांत जागेचा वर्ण (स्पेस) असतो आणि तोही वाचला जातो. म्हणून स्ट्रिंगच्या शेवटाकडून मागे येत, जागेचा वर्ण सापडत राहील तोवर त्या ठिकाणी शून्य वर्ण ठेवत जावे. हे केले नाही, तर ‘कागल’ आणि चार मोकळ्या जागांसह आलेले ‘कागल’ हे तुलनेत वेगळे शब्द ठरतात, आणि चूक पडद्यावर कुठेच दिसत नाही.

रंगही हवा असेल तर

ज्या शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) बाकी आहे त्याची ओळ लाल रंगात दाखवली असेल आणि तोच रंग पाहून निवड करायची असेल, तर स्ट्रिंग वाचणारी फंक्शने उपयोगाची नाहीत. तेव्हा ‘एमव्ही-डब्ल्यू-इन_डब्ल्यूसीएच’ने एकेक घर ‘सीचार_टी’ या प्रकारच्या चलात घ्यावे आणि ‘गेट-सीचार’ने त्यातील वर्ण, गुणधर्म आणि रंगजोडी वेगवेगळी काढावी. वर्णांसाठी दिलेला ॲरे सहा जागांचा असावा; शेवटचे मूल्य नल ठेवावे. लिपी केवळ देवनागरी असेल तर घराघराने एकेक पुढे जाता येते. जपानी किंवा चिनी वर्ण दोन घरे घेतात, तेथे पहिल्या घरातील वर्णाची रुंदी पाहून तेवढे पुढे जावे.

आठवी पायरी: फाइलमध्ये लिहिणे

फाइल उघडून ‘एफ-प्रिंटएफ’मध्ये टक्का, छोटा एल आणि छोटा एस हा निर्देश दिला की रुंद स्ट्रिंग चालू लोकेलप्रमाणे यूटीएफ-८ मध्ये उतरते. एकाच फाइलवर साधी आणि रुंद अशी दोन्ही प्रकारची छापणारी फंक्शने मिसळू नयेत. पहिल्या वापराने फाइलचा प्रकार ठरतो आणि नंतर दुसऱ्या प्रकारचे लेखन अयशस्वी होते. काही पडद्यावरच तपासायचे असेल, तर आधी ‘एन्ड-विन’ करून मगच ‘प्रिंटएफ’ वापरावे.

तुलनेविषयी एक सूचना राहिली. मराठीत दिसायला सारखे शब्द वेगवेगळ्या सांकेतांकांनी लिहिलेले असू शकतात. ‘दुसऱ्या’मधील अर्धा ऱ कोणी स्वतंत्र ऱ आणि हलन्त वापरून टाइप करतो, तर कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडवर्ण वापरून. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्यामुळे जुन्या नोंदींत तो अ आणि चंद्र असा जोडलेलाही सापडतो. ‘डब्ल्यूसीएस-कॉम्प’ला हे शब्द वेगळे वाटतात. विंडो आपण लिहिलेले सांकेतांक जसेच्या तसे परत देते, ती त्यांना एकरूप करत नाही. म्हणून ही एकरूपता मजकूर विंडोत जाण्यापूर्वीच आणावी.

नववी पायरी: बारा तालुक्यांची चाचणी

चाचणीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्यांचीच नावे घ्यावीत: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ, हातकणंगले. यांत जोडाक्षर, अनुस्वार, दोन्ही वर्गांच्या मात्रा आणि आठ घरे काठोकाठ भरणारी नावे असे सर्व प्रकार आहेत. प्रत्येक नाव विंडोत लिहावे, उपविंडोतून वाचावे, मागची जागा काढावी आणि मूळ नावाशी ताडून पाहावे. नंतर एकट्या हातकणंगलेची एक ओळ फाइलमध्ये लिहून ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेने तिचे बाइट मोजावेत. नऊ सांकेतांकांचे २७ आणि ओळीअखेरचा एक, असे २८ दिसले पाहिजेत. माझा प्रोग्रॅम त्या नावासाठी २२ दाखवत होता: ल आणि त्यावरचा एकार विंडोत होते, फाइलमध्ये नव्हते.